मिल एका पेपरात, आंबेडकर दुसऱ्या पेपरात

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुण्यात राज्यशास्त्रात एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली पोरं माझ्या लेकीच्या वयाची, आणि त्यातली बरीचशी यूपीएससीचा वैकल्पिक विषय पक्का व्हावा म्हणून आलेली. मला मात्र खरोखरच लोकशाहीचा सिद्धान्त शिकायचा होता. या सत्रात तो पेपर आहे, म्हणून हा धागा.

अभ्यासक्रम ठरलेल्या वाटेने जातो. अथेन्सपासून सुरुवात, मग रूसो, मग मिल, मग शुंपीटर आणि डाल, आणि शेवटी वेळ उरला तर हाबरमास. प्रत्येकाचं एक वाक्य पाठ करायचं. शुंपीटर म्हणजे मतांसाठीची स्पर्धा, डाल म्हणजे पॉलिआर्की (अनेकांच्या हाती सत्ता). झालं युनिट.

आता माझी तक्रार. जॉन स्टुअर्ट मिलचं प्रातिनिधिक शासनावरचं १८६१ सालचं पुस्तक मी मुळातून वाचलं. गाईडमध्ये मिलबद्दल 'स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कर्ता' एवढंच आहे, आणि ते खरंही आहे. पण हाच मिल म्हणतो की मत द्यायचं असेल तर माणसाने नोंदणी अधिकाऱ्यासमोर बसून इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य उतरवून दाखवावं आणि त्रैराशिकाचं एक गणित सोडवावं. एवढ्यावर थांबत नाही. जास्त शिकलेल्याला एकापेक्षा जास्त मतं द्यावीत, असंही म्हणतो. डोकी मोजायची, पण सगळी सारखी नाही.

हे वाचताना मला आमचं तहसील कार्यालय आठवलं. पदवीधर मतदारसंघात नाव घालायला नमुना १८ भरला होता. सोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. माझ्यापुढे रांगेत एक गृहस्थ होते, त्यांना प्रमाणपत्र सापडत नव्हतं म्हणून गुणपत्रिका घेऊन आले होते आणि कारकून ती उलटीपालटी करून बघत होता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विधानसभेला एक मत आहे, मलाही एक आहे. विधान परिषदेसाठी मात्र मला आहे, त्यांना नाही. कारण एकच, माझ्याकडे बी.कॉम.चा कागद आहे. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये हे आजही आहे. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असली की पुरे.

म्हणजे मिल मेलेला नाही, तो तहसीलमध्ये बसलाय. पण वर्गात हे कोणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट अजून खटकली. मिलला सणसणीत उत्तर देणारा माणूस आपल्याच मुंबई प्रांतातला आहे. सायमन कमिशनच्या वेळी प्रांतिक समितीत बाबासाहेब होते. इतर सदस्यांशी पटलं नाही म्हणून १९२९ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला. त्यात साक्षरतेची अट घालणाऱ्यांच्या दोन चुका दाखवल्या आहेत. निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो असं समजणं ही पहिली. अक्षर आलं की अक्कल आपोआप जास्त येते असं समजणं ही दुसरी. आणि मागणी काय, तर सार्वत्रिक प्रौढ मताधिकार! खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

हे उत्तर आमच्या पेपरात नाही. बाबासाहेब 'भारतीय राजकीय विचार' या वेगळ्या पेपरात आहेत, तिथे मिल नाही. मिल इथे आहे, तर इथे बाबासाहेब नाहीत. दोघांची गाठच पडू दिलेली नाही.

तुमच्यापैकी कोणी हा विषय शिकला किंवा शिकवला असेल तर सांगा, तुमच्याकडेही अशीच वाटणी होती का?

सरळमार्गी

ताई, लेख आवडला. पण हे सगळं वाचून निवडणुकीत फरक काय पडतो? आमच्या वॉर्डात मतदानाच्या आदल्या रात्री जे काही होतं त्यावर डाल का फाल यांनी काही लिहिलंय का?

उंबरठा

लेख छान, पण एक खडा काढतो. मिलची कल्पना अशी की *त्याच* सभागृहासाठी, *त्याच* निवडणुकीत शिकलेल्याला जास्त मतं. आपल्याकडे तसं नाही. विधानसभा सगळ्यांची, तिथे एक माणूस एक मत. विधान परिषद हे दुय्यम सभागृह. सरकार पाडता येत नाही, अर्थविधेयक अडवता येत नाही. तिथल्या ७८ जागांपैकी पदवीधरांच्या ७. त्यामुळे 'मिल तहसीलमध्ये बसलाय' हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण कोर्टात टिकणार नाही.

पाटीपेन्सिल

@सरळमार्गी, आदल्या रात्रीवर शुंपीटरने लिहिलंय की! तो १९४२ साली म्हणाला की मतदार काही लोकहिताचा विचार करून निर्णय घेत नसतो. नेते मतं मिळवायला स्पर्धा करतात, जनता त्यांच्यातला एक निवडते, बास. तुमचा वॉर्ड बघून त्याला काही नवल वाटलं नसतं.

@उंबरठा, सभागृह वेगळं आहे हे मान्यच आहे. पण मी अधिकार किती यावर बोलत नाहीये, तो कशाच्या जोरावर मिळतो यावर बोलतेय. सरकारी कागदावर आजही पदवी हा जास्तीच्या मताचा आधार आहे. त्या ७ जागांनी सरकार पडत नाही म्हणून तत्त्व निरुपद्रवी ठरतं का? आणि निरुपद्रवीच असेल तर ठेवलंय कशाला?

खडूधारी

३१ वर्षं हा विषय शिकवला, कोल्हापूरकडे. आता निवृत्त. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

वाटणी का होते? कारण साधं आहे. पेपर ठरवताना नावं वाटली जातात, प्रश्न वाटले जात नाहीत. पाश्चात्त्य विचारवंत, भारतीय विचारवंत, राजकीय सिद्धान्त, अशा तीन पिशव्या. सिद्धान्ताच्या पिशवीत युरोप-अमेरिकेतले लोक 'लोकशाही म्हणजे काय' हे सांगतात. भारतीय पिशवीत आपले लोक 'भारताचं काय' हे सांगतात. म्हणजे सामान्य सत्य सांगायचा मक्ता तिकडचा, आणि आपण फक्त स्थानिक माहिती पुरवायची. शिक्षकालाही हे सोयीचं पडतं. खोटं कशाला बोलू, मीही वर्षानुवर्षं असंच शिकवत आलो, कारण विद्यापीठाचा पेपर तसाच निघायचा. 'टिपा लिहा: अ) मिलचे प्रातिनिधिक शासन. ब) बहुमताची जुलूमशाही. कोणत्याही दोन.'

आता गंमत बघा. ज्यांना आपण दोन पिशव्यांत घातलं ते प्रत्यक्षात एकाच वर्गात बसले होते. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, तत्त्वज्ञ जॉन ड्युई तिथे शिकवत होता आणि हे त्याच्या तासांना बसत होते. ड्युईचं लोकशाही आणि शिक्षणावरचं पुस्तक १९१६ चं. त्यात तो म्हणतो की लोकशाही हा नुसता शासनप्रकार नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची पद्धत आहे. वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या निबंधात आंबेडकर जवळजवळ त्याच शब्दांत तेच म्हणतात. पण आधी एक पायरी घालतात, आणि ती ड्युईपुढे जातीच्या रूपात कधी आलीच नव्हती. समाजात एकमेकांत मिसळायच्या वाटाच बंद असतील तर काय? जिथे विहीर वेगळी, पंगत वेगळी, लग्न वेगळं, तिथे अनुभव वाटून घ्यायचा कसा? या मिसळण्यालाच ते बंधुता म्हणतात, आणि बंधुता हे लोकशाहीचंच दुसरं नाव असं सांगतात.

अमेरिकन गुरूचा विचार भारताला 'लागू केला' असं हे नाही. गुरूच्या सिद्धान्तात भोक होतं, ते शिष्याने दाखवलं. लोकशाहीच्या सिद्धान्ताच्या पेपरात हे नसेल तर तो पेपर अपुरा आहे, आणि हे मी अभिमानापोटी म्हणत नाही.

मिलबद्दल अजून एक. हा माणूस पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. त्याच पुस्तकाच्या शेवटी तो भारताला प्रातिनिधिक शासन मिळू नये, अजून तयारी नाही, असं लिहितो. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत आंबेडकर मिलचाच आधार घेतात: कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये. मताधिकारात मिलला खोडून काढायचं आणि व्यक्तिपूजेविरुद्ध त्यालाच साक्षीला उभं करायचं, असा हा वाचक आहे. विद्यार्थ्याला हे एकदा दिसलं की पाठांतर आपोआप सुटतं. पण दोन पेपरांच्या मध्ये भिंत असल्यावर दिसणार कसं?

नेटग्रस्त

सर, हे आधी कुठे होतात? नेटच्या परीक्षेला 'जोड्या लावा' येतात. मिल-बहुल मतदान, डाल-पॉलिआर्की, पिटकिन-प्रतिनिधित्व. जोड्या लावता लावता माझाच मेंदू अलिप्ततावादी झालाय.

डब्लिनकर

मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं आयर्लंडमध्ये. राज्यशास्त्र शिकलेलो नाही, संगणकवाला आहे. पण अथेन्सचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

अथेन्समध्ये बहुतेक पदं निवडणुकीने भरत नसत, चिठ्ठी टाकून भरत. पाचशे जणांची परिषद चिठ्ठीने निवडायची. त्यासाठी दगडाचं एक यंत्र होतं, त्याच्या खाचांत नावाच्या पट्ट्या सरकवायच्या. अॅरिस्टॉटलच्या मते चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची, कारण निवडून येतात ते आधीच नाव-पैसा असलेले. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की आपण शाळेत नेमकं उलटं शिकलो.

आयर्लंडने ही जुनी रीत परत काढली. २०१६ साली नागरिक सभा बसवली, मतदार यादीतून निवडलेले ९९ सामान्य लोक आणि अध्यक्ष म्हणून एक न्यायाधीश. विषय साधासुधा नव्हता, गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती. १९८३ पासून ती राज्यघटनेत होती. २०१२ साली गॉलवेच्या रुग्णालयात बेळगावकडची एक तरुण दंतवैद्य गेली, गर्भपात वेळेवर झाला नाही म्हणून. त्यानंतर देश ढवळून निघाला होता, पण पक्षांना या विषयाला हात लावायचा नव्हता. त्या ९९ जणांनी पाच शनिवार-रविवार डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे लोक ऐकले, गोल टेबलांवर बसून चर्चा केली आणि मग गुप्त मतदान केलं. बंदी काढा, असा मोठ्या बहुमताने कौल दिला. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी तेच सांगितलं. ज्याला हाबरमासची विमर्शात्मक लोकशाही (आधी मोकळी चर्चा, मग निर्णय) म्हणतात, तिचं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं प्रात्यक्षिक.

आता कडू भाग. माझ्या टीममधले आयरिश लोक मत देऊन आले आणि मी ऑफिसातच बसलो, कारण सार्वमतात मत फक्त नागरिकांना. नगरपालिकेच्या निवडणुकीत मात्र इथे राहणाऱ्या कुणालाही मत आहे, नागरिकत्व असो वा नसो. म्हणजे कचऱ्याच्या गाडीबद्दल मी 'लोक' आहे. माझ्या बायकोच्या बाळंतपणाचा कायदा ठरवताना मी 'लोक' नाही. लोकांचं राज्य हे ठीक, पण लोक कोण हे कोणी ठरवायचं? मतदान घेऊन ठरवावं म्हटलं तर त्या मतदानाला कुणाला बोलवायचं? पुस्तकात याला काही उत्तर असेल तर वाचायला आवडेल.

सरळमार्गी

चिठ्ठ्या टाकून राज्य? म्हणजे भिशीच की! आमच्या गल्लीत तर भिशीतही चिठ्ठी कुणाची निघणार हे आधीच माहीत असतं :)

डब्लिनकर

हसू नका, इथेही तसा प्रकार झाला. पुढे काही सदस्य बदलले तेव्हा निवड करणाऱ्या कंपनीच्या माणसाने दारोदार जायच्या ऐवजी ओळखीपाळखीतून सात जण भरले. २०१८ मध्ये उघडकीस आलं. गर्भपाताची चर्चा तोवर संपली होती, त्यामुळे तो निकाल वाचला.

उंबरठा

मला या चिठ्ठी प्रकाराची खरी अडचण वेगळी वाटते. आमदाराला पाच वर्षांनी घरी बसवता येतं. चिठ्ठीने आलेल्याला जाब कोण विचारणार? तो चुकला तर नशीब चुकलं म्हणायचं का?

झाडीपट्टी

गडचिरोलीचा आहे. इतक्या लांब आयर्लंडला गेलात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ला कोणी आलं नाही.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, तिच्यामागची रचना माहीत नसते. मेंढ्यात ग्रामसभा निर्णय बहुमताने घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो, पुढच्या बैठकीत परत चर्चा. वेळ लागतो, लोक वैतागतात. पण ज्याने हो म्हटलंय तो नंतर फोडाफोडी करत नाही.

तुमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे अभ्यासगट. निर्णय घ्यायची जागा वेगळी आणि समजून घ्यायची जागा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे, शिकलेले, वनखात्याची माहिती असलेले कुणीही येऊन बोलू शकतात. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे गावाचेच लोक. पाटीपेन्सिल ताई, तुमच्या मिलला शिकलेल्यांना जास्त मतं द्यायची होती ना? इथे शिकलेल्याला मत नाही, पण ऐकून घेतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे.

उंबरठा

मेंढ्याबद्दल आदर आहे. पण धागा बाबासाहेबांवरून निघालाय, मग ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषणही वाचा. खेडं म्हणजे स्थानिकपणाचं डबकं, अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा, असं ते स्पष्ट म्हणाले. म्हणूनच त्यांनी राज्यघटनेचा घटक गाव न धरता व्यक्ती धरली. सर्वसहमती ऐकायला गोड आहे. ज्या गावात एका समाजाच्या हातात जमीन आणि दुसऱ्याच्या हातात त्या जमिनीवरची मजुरी, तिथे मजुराची सहमती म्हणजे काय? मान खाली घालून बसणं. गुप्त मतदानात निदान मालकाला कळत तरी नाही.

झाडीपट्टी

बरोबर आहे, आणि म्हणूनच मेंढा जसंच्या तसं उचलून सगळीकडे नेता येत नाही. ते जवळपास सगळं गोंडांचं गाव, बराचसा उपजीविकेचा आधार सामाईक जंगल. मालक-मजूर असा उभा छेद तिथे नाही. बाबासाहेबांच्या डोळ्यांसमोर जे खेडं होतं त्यात गावकुसाच्या आत आणि बाहेर अशी रेघ होती. त्यांचा मुद्दा खोडायची मला गरज वाटत नाही. उलट तो अट म्हणून वाचतो: विषमता कमी असेल तरच सहमती खरी.

खडूधारी

झाडीपट्टी, तुम्ही नकळत २२ डिसेंबर १९५२ च्या भाषणावर आलात! ते पुण्यातच झालं होतं, वकिलांसमोर. लोकशाही यशस्वी व्हायला आधी काय काय लागतं, असा विषय. पहिलीच अट: समाजात ढळढळीत विषमता नको. मग सबळ विरोधी पक्ष, कायद्यापुढे आणि प्रशासनात समानता, संवैधानिक नीती, बहुमताने अल्पमतावर जुलूम न करणं, समाजात नीतीची घडी, आणि सार्वजनिक सदसद्विवेक. व्याख्याही तिथेच आहे: लोकांच्या आर्थिक-सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी शासनपद्धती. शुंपीटरच्या व्याख्येशेजारी ही ठेवून बघा. तो लोकशाहीत निवड *कशी* होते ते सांगतो. हे म्हणतात, निवड होऊन *काय* बदललं ते दाखवा. मी असतो तर पहिल्याच तासाला या दोन व्याख्या फळ्यावर लिहिल्या असत्या आणि पोरांना भांडू दिलं असतं.

नेटग्रस्त

भांडणावरून आठवलं, आमच्या मॅडमनी एकदा असंच केलं होतं. सहलीला कुठे जायचं? तिघांना पुढे बोलावलं. एकाची पसंती रायगड, मग महाबळेश्वर, मग दिवेआगर. दुसरीची महाबळेश्वर, दिवेआगर, रायगड. तिसऱ्याची दिवेआगर, रायगड, महाबळेश्वर. मग दोन-दोन ठिकाणांवर हात वर करायला लावले. रायगडने महाबळेश्वरला हरवलं, महाबळेश्वरने दिवेआगरला, आणि दिवेआगरने रायगडला! दोन-एक, दोन-एक, दोन-एक. आम्ही अर्धा तास मोजत होतो. मॅडम म्हणाल्या, फ्रेंच गणिती कॉन्दॉर्सेने हे १७८५ साली दाखवलं, अर्थशास्त्रज्ञ अॅरोने १९५१ मध्ये त्याचं मोठं प्रमेय केलं. आता 'जनतेचा कौल' हा शब्द जरा जपून वापरा.

सहल शेवटी कुठेच गेली नाही, पण तो तास आजही लक्षात आहे.

सरळमार्गी

हे मात्र भारी आहे. म्हणजे कोणता पर्याय आधी मतदानाला टाकायचा हे ज्याच्या हातात, तोच खरा राजा. आमच्या सोसायटीचे सचिव कॉन्दॉर्से न वाचताच यात पारंगत आहेत.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. @खडूधारी सर, सत्राच्या निबंधासाठी मिल आणि १९२९ चा अहवाल शेजारी ठेवायचं ठरवलंय. आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले 'विषय चांगला आहे, पण कोणत्या पेपरखाली दाखवू?' :(

खडूधारी

'प्रतिनिधित्व' या युनिटखाली दाखवा, तिथे कोणी अडवणार नाही. आणि मताधिकारावर थांबू नका. १९१९ ला मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे आंबेडकरांचा सवाल होता की आमच्या वतीने दुसरं कोणी बोलून भागेल का, की आमचाच माणूस तिथे हवा? राज्यशास्त्रज्ञ हॅना पिटकिनने १९६७ मध्ये 'एखाद्यासारखा असणं' आणि 'एखाद्यासाठी काम करणं' असा जो भेद केला, त्याचा सगळा ताण पुणे करारात दिसतो. प्रांतांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण मतदारसंघ संयुक्त. आधी दलित मतदारांनी चौघे निवडायचे, मग त्या चौघांतला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. आता विचारा, तो निवडून आलेला माणूस कोणाचा प्रतिनिधी? त्याला खरं जिंकवलं कोणी? येरवड्याच्या तुरुंगात वाटाघाटी झाल्या त्या याच प्रश्नावर. तुमच्या महाविद्यालयापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर. अहवाल शासनाने प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी खंडांपैकी दुसऱ्यात मिळेल, साउथबरोची साक्ष पहिल्या खंडात. गाईड बाजूला ठेवा.

उंबरठा

आणि निबंधात कलम १७१ चा उल्लेख करणार असाल तर 'दुय्यम सभागृह' हा शब्द घाला, नाहीतर बहिःस्थ परीक्षक माझ्यासारखा निघायचा.

पाटीपेन्सिल

घालते. आणि त्याच्या पुढच्याच वाक्यात 'मग ठेवलंय कशाला?' हेही घालते.